डावी चप्पल ठेवा, पाना घ्या

मोटरसायकल पूर्ण उघडून परत जोडली की एखादा बोल्ट उरतोच. गाडी चालू होते, पळते, कुठे खडखडत नाही, आणि तरी तो बोल्ट फरशीवर पडून आपल्याकडे बघत असतो. आमच्या गिरणीत अशा उरलेल्या बोल्टांचा एक बिस्किटांचा डबा आहे. किस्स्यांचंही तसंच होतं. रविवारचं काम संपतं, गाड्या आपापल्या घरी जातात आणि एखादा किस्सा मागे राहतो. माझा डबा आता काठोकाठ भरलाय. थोडे ओतते.

आधी गिरणीबद्दल. आगरदांड्याला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथे माझ्या मामांची भातगिरणी आहे, बरीच वर्षं बंद. मी स्वीडनला इंजिनिअरिंग शिकून परत आले आणि मामांकडे त्या शेडची चावी मागितली. म्हटलं, दर रविवारी सकाळी इथे ज्याने-त्याने आपली गाडी आपल्या हाताने दुरुस्त करायची. हत्यारं सगळ्यांची मिळून. ज्याच्या हातात पाना असतो त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

गावात सगळे विचारायचे, "परत का आलीस?" माझ्याकडे त्याचं लांबलचक उत्तर होतं. ऐकता ऐकता लोकांचा चहा गार व्हायचा. शेवटी मामांनीच ते छोटं केलं.

"तिकडं समद्यांना येतंय. हितं कुनाला येत न्हाय. म्हनून आली!"

*

सुरुवात झाली प्रमिलाबाईंच्या क्लच केबलपासून.

प्रमिलाबाई डोंगरावरच्या वाडीत शिक्षिका आहेत. शाळा एकशिक्षकी. बाई पोचल्या तर शाळा, नाही पोचल्या तर कुलूप. घाटाचा रस्ता असा की स्कूटर अर्ध्यात दमते, म्हणून बाई मोटरसायकल चालवतात. एका सोमवारी निघताना क्लच केबल तुटली. गावातला एकमेव मेकॅनिक बबन मिस्त्री नेमका पालीला देवदर्शनाला गेलेला, आणि तिथून पुढे सासुरवाडीला!

शाळा तीन दिवस बंद राहिली. चौथ्या दिवशी बाई पायी चढून गेल्या. वाडीतले पालक म्हणाले, "बाई, असं व्हनार असंल तर पोरांना खालच्या शाळेत घालतो." आणि त्याच महिन्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं की शाळा वेळेवर उघडत नसेल तर ती खालच्या शाळेत मिळवण्याचा विचार करावा लागेल. मुलं तेरा, त्यातल्या मुली आठ. खालची शाळा म्हणजे रोज घाट उतरायचा आणि चढायचा. आधी कोण घरी बसणार, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

त्या नवी केबल हातात घेऊन गिरणीत आल्या आणि म्हणाल्या, "मला हे शिकव. माझी शाळा यापुढे गाडीमुळे बंद राहता कामा नये."

मी म्हटलं, "वीस मिनिटांचं काम आहे!"

दोन तास लागले. कारण माझ्याकडे दहा नंबरचा पानाच नव्हता. मामा तो शेजारपाजारी मागत फिरले, तेव्हा कुठे मिळाला.

केबल बसली. बाईंनी क्लच दाबून बघितला, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "मग स्वीडनहून आणलंस काय?"

*

हे मला फार लागलं. मी तडक एकशे आठ नगांचा सेट मागवला. काळी पेटी, आत प्रत्येक हत्याराला खोबण, उघडली की लखलखाट.

सलीमभाईंनी पेटीत डोकावून पाहिलं. ते आगरदांड्याच्या जेट्टीवरून मासळी घेतात आणि गाडीच्या मागे बर्फाची पेटी बांधून गावोगाव विकतात. म्हणाले, "या अल्ला! हे तर ऑपरेशनचं सामान!"

मामांनी एकेक सॉकेट उचलून आपल्या गाडीच्या बोल्टला लावून पाहिलं. निम्मी बसेनात. कुठलं किंचित सैल, कुठलं किंचित घट्ट.

"ह्ये कसले?"

"ते इंचाचे आहेत मामा. अमेरिकन गाड्यांना लागतात."

"आपल्या गावात कुनाकडं हाय?"

मी पेटीचं झाकण लावून टाकलं.

प्रमिलाबाईंनी पिशवीतून वही काढली. म्हणाल्या, "हत्यारं राहू देत बाजूला. आधी गाडीभोवती फिरा. प्रत्येक बोल्टचा नंबर मोठ्याने सांगा, मी हजेरी घेते."

आणि खरंच हजेरी झाली! सलीमभाई गाडीखाली आडवे, मामा टाकीवर ओणवे, बाई खुर्चीत.

"आठ नंबर?"

"हजर!"

"दहा?"

"हजर! हजर! हा पण हजर!"

तास संपला तेव्हा दहा आणि बारा यांनी वही भरून गेली होती. चौदा बऱ्यापैकी. सतरा नंबर फक्त दोनदा आला होता.

"ह्याच्या पालकांना बोलवा," मामा म्हणाले.

"पण तो नसेल तर मागचं चाकच निघत नाही, चेनही ताणता येत नाही," मी म्हटलं.

"असतो," बाई वही मिटत म्हणाल्या, "प्रत्येक वर्गात असा एक असतो."

एकशे आठांतली आमच्या कामाची निघाली अकरा. तेव्हापासून नवीन माणसाला मी एकच गोष्ट सांगते: दुकानात जायच्या आधी आपल्या गाडीची हजेरी घ्या. हत्यार कुठलं घ्यायचं ते गाडी सांगते, पेटी नाही.

*

टॉर्क रेंच मात्र मी हट्टाने ठेवला. बोल्ट हवा तेवढाच आवळला की हा पाना 'टक्' असा आवाज करतो. मग थांबायचं. जास्त आवळलं तर आटे जातात, कमी आवळलं तर बोल्ट गळतो.

मामांचा विरोध. "तीस वर्सं गिरनी चालवली. हाताला कळतं."

"हाताला रोज वेगवेगळं कळतं मामा! विज्ञान रोज एकच सांगतं!"

मी अशी वाक्यं टाळ्यांच्या अपेक्षेने टाकत असे. मामांनी आपली गाडी पुढे केली. "घाल मग ऑइल. आवळ खालचा बोल्ट तुज्या विज्ञानानं."

मामांनी स्वतःच जुनं ऑइल काढलं, बोल्ट परत लावला आणि मी टॉर्क रेंचवर आकडा ठेवला. सगळे वाकून ऐकायला लागले. मी फिरवला. आवाज नाही. आणखी फिरवला. नाही. मी समजावून सांगत होते, "धीर धरा, येईल, तो बरोबर त्याच क्षणी..." आणि पाना गोल गोल फिरत राहिला.

शेवटी बोल्टच हातात आला. त्याला आट्यांऐवजी मासेमारीच्या जाळ्याचा निळा दोरा गुंडाळलेला होता. आटे केव्हाच गेले होते! मामांनी दोऱ्यावर गाडी चालवत आणली होती.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"आवाज आला का न्हाय, त्ये सांग आधी," मामा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी त्या बोल्टाचे नवे आटे पाडून दिले. टॉर्क रेंच लावला, टक् झालं. मामा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "आवाज आला! माज्या गाडीला आवाज आला!"

*

स्वीडनला आमच्या हॉस्टेलच्या तळघरात सायकल दुरुस्तीची खोली होती. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची काळी सावली रंगवलेली. हत्यार नेलं की सावली मोकळी दिसते आणि माणूस लाजून परत आणून ठेवतो. मी गिरणीची भिंत पांढरी करून घेतली आणि अशाच सावल्या रंगवल्या. इतकी देखणी भिंत तालुक्यात नसेल!

तीन आठवड्यांत भिंतीवर नुसत्या सावल्या उरल्या.

चोरी वगैरे काही नाही. सगळी हत्यारं ओळखीच्यांकडेच होती. कुणाच्या पंपाजवळ, कुणाच्या होडीत, कुणाच्या माळ्यावर. मागायला गेलं की प्रत्येकजण म्हणायचा, "अगो, तुज्याकडंच येत व्हतो!"

मी सभा घेतली. सामूहिक मालकीवर बोलले. लोकांनी मन लावून ऐकलं आणि जाताना एकाने पक्कड नेली.

सलीमभाई म्हणाले, "बेटा, भाषण नको. चप्पल ठेव."

"म्हणजे?"

"हत्यार नेणाऱ्याची डावी चप्पल काढून त्या सावलीवर टांगायची. एकच. उजवी घालून जाऊ दे घरी. बघू कोण विसरतो!"

मला हे जरा अपमानकारक वाटलं. मामांनी तोवर भिंतीत खिळे ठोकले होते.

त्या दिवसापासून हत्यारं त्याच संध्याकाळी परत येतात. गावात कोणी एका पायात चप्पल घालून दिसलं की लोक विचारतात, "काय, चेन का ब्रेक?" प्रमिलाबाईंकडे हत्यारांचा एक कायमचा पाऊच असतो, घाटात लागेल म्हणून. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून त्यांनी स्वतःची एक जुनी डावी चप्पल भिंतीला कायमची टांगली आहे. मी म्हटलं, "बाई, तुम्ही कशाला? तुम्ही तर ओळखीच्या!"

"ओळखीचेच परत करत नाहीत," बाई म्हणाल्या.

*

खाऱ्या हवेचं गणित मला स्वीडनमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. इथे महिनाभरात पान्यांवर तांबूस लव चढली. मी गंज थांबवणारा भारी स्प्रे मागवला. दोन पावसाळी महिन्यांनी उचलायला गेले तर स्प्रेचा डबाच बुडातून गंजून फळीला चिकटलेला!

मामांनी सांगितलं, खोबरेल लाव. लावलं. पाने चमकायला लागले. आठवड्याने बघते तर उंदरांनी पाने गुंडाळलेलं तेलकट कापड कुरतडून आतला एकूण एक पाना उघडा केलेला. पाने मात्र स्वच्छ!

मग बाईंनी पत्र्याच्या घट्ट डब्यात मूठभर खडू टाकले, एक आपल्या पाऊचमध्येही. खडू ओल पितो, हत्यारं कोरडी राहतात. इतका सोपा इलाज मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. मी सगळ्यांना तो सांगत सुटले. फक्त बाईंनी शाळेतला शेवटचा खडू डब्यात टाकलाय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी फळ्यावर लिहायला काही नाही. बाईंनी आपला पाऊच उघडला आणि त्यातल्या खडूने तारीख लिहिली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने नाक वर केलं. "बाई, खोबरेलाचा वास येतोय. फळा पन गंजतो का?"

*

खंडेनवमीला मामांनी गिरणीत हत्यारांची पूजा मांडली. पाटावर अकरा पाने, टॉर्क रेंचला मधोमध मान, हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजेत बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हा नियम. शिवाय मामांचे नवरात्राचे उपास, मासळी घरात नाही.

आणि नेमके तेव्हाच सलीमभाई गाडी ढकलत दारात! चेन तुटलेली, मागच्या पेटीत पापलेट.

त्यांनी पाट बघितला आणि थांबले. "राहू दे मामा. उद्या बघू."

"बर्फ किती वेळ टिकंल?"

"तासभर."

मामा पाटाकडे बघत राहिले. मला वाटलं, उचलणार. मी तर बोलायच्या तयारीतच होते, की श्रद्धा आणि गरज यांत...

मामा म्हणाले, "हत्यारं बसल्यात. मानसं न्हाय बसली." पेटी सोडून आपल्या गाडीला बांधली, सलीमभाईंना तिच्यापुढे कसंबसं बसवलं आणि नवं कोरं धोतर नेसून उपाशीपोटी गावोगाव पापलेट विकून आले! सलीमभाई सांगतात, मामांनी हाळीही घातली.

संध्याकाळी मामींनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"आठ दिवस मासळीकडं बगितलं न्हाय आनि नवव्या दिवशी तिच्यात आंगोळ करून आलात!"

*

बबन मिस्त्री सुरुवातीला आमच्यावर चिडून होता. साहजिक आहे. मी त्याला जाऊन सांगितलं की मोठी कामं तुमच्याकडेच येतील, फक्त लोकांना आता आपलं दुखणं नीट सांगता येईल. तो म्हणाला, "म्हनजे पेशंट पन डॉक्टर झाले!" पण हळूहळू रविवारी यायला लागला. आधी दारात उभा राहायचा, मग आत. एकदा त्याने मामांचा हात धरून पान्यावरून वर सरकवला. "मागं धरा. पुढं धरून जोर कशाला घालताय?" त्या दिवसापासून तो आमचा झाला.

आमचं भांडण एकाच हत्यारावरून. ग्रिप प्लायर! ही पक्कड दाबली की नटाला चावा घेऊन लॉक होते, सोडतच नाही. माझा तिला कडाडून विरोध. योग्य मापाचा पाना असताना ही वापरली की नटाचे कोपरे झिजतात, नट गोल होतो आणि मग तो देवालाही निघत नाही. मी भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'ग्रिप प्लायर वापरू नये.' तिची सावलीही रंगवली नव्हती.

बबन म्हणायचा, "व्हय, वाईट हाय. पन जवळ पायजे."

"वाईट आहे तर जवळ कशाला?"

"जवा चांगलं काय चालत न्हाय, तवा."

"योग्य हत्यार असेल तर अशी वेळ येतच नाही!" मी म्हटलं.

बबन हसला. पुढे वाद घातला नाही. पण त्याने आपली जुनी ग्रिप प्लायर प्रमिलाबाईंच्या पाऊचमध्ये गुपचूप टाकून दिली, आणि बाईंनी ती माझ्यापासून सहा महिने लपवून ठेवली. मला हे कळलं ते सगळ्या गावाबरोबर. ते असं.

*

हा किस्सा निम्मा बाईंनी सांगितलेला आहे. उरलेला निम्मा आम्ही सगळ्यांनी पाहिला.

दहाला वीस मिनिटं कमी. बाई घाट चढत होत्या. मधल्या वळणावर एक गृहस्थ मोटरसायकलशेजारी उभे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, कपाळावर घाम. शाळा दहाला उघडायची होती. थांबलं तर उशीर, न थांबावं तर घाटात दुसरं कोणी येईल याचा भरवसा नाही.

बाई थांबल्या. "काय झालं?"

"गिअरचा दांडा वाटेत कुठेतरी गळून पडला. गाडी टॉप गिअरमध्येच अडकलीय. चढ चढत नाही."

"जायचं कुठे?"

"वर वाडीत. शाळा आहे ना तिथे, ती वेळेवर उघडते का ते बघायला आलोय."

बाईंनी घड्याळ पाहिलं. 

"मग लवकर आवरू या. ती शाळा मीच उघडते," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाऊच उघडला. दांडाच नाही म्हटल्यावर दहा, बारा, चौदा कुणाचाच उपयोग नव्हता. मग पाऊचच्या तळातून बबनची ग्रिप प्लायर काढली, गिअरचा जो गोल दांडू इंजिनातून बाहेर येतो त्याला आडवी लावली आणि दाबली. कट्! लॉक. गाडी मागेपुढे हलवत प्लायर पायाने दाबून बघितली. एकेक करत गिअर खाली आले. सहा मिनिटं!

साहेब खूश. "वा बाई, वा! चला, शाळेतच भेटू." आणि किक मारायला पाय उचलला.

"थांबा साहेब. बूट."

"काय?"

"हत्यार आमच्या गिरणीचं आहे. न्यायचं असेल तर एका पायातलं ठेवून जायचं. नियम आहे."

"अहो बाई, मी तुमच्याच शाळेत चाललोय! तुमची तपासणी करायला!"

"म्हणजे ओळखीचेच झालात," बाई म्हणाल्या. "ओळखीचेच परत करत नाहीत."

साहेबांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाई हसत नव्हत्या. तेरा मुलं वर रांगेत उभी असणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. साहेब डावा बूट काढायला वाकले.

"डावा नको," बाई म्हणाल्या. "नियमात डावी चप्पल आहे, पण गिअर डाव्या पायाने टाकायचा आणि प्लायरला धार असते. तुम्हाला उजवा चालेल."

"आणि ब्रेक? तो उजव्या पायाने असतो!"

"पुढचा ब्रेक हाताने लागतो. आणि वर सगळा चढच आहे."

"आणि उतरताना?"

"उतरायच्या आधी शाळा तर बघा!"

बाईंनी बूट हँडलला टांगला आणि पुढे निघाल्या. दहाला पाच मिनिटं कमी असताना कुलूप उघडलं. साहेब मागोमाग पोचले, एका पायात बूट, एका पायात मोजा. मुलं चपला दाराबाहेर ओळीत काढून ठेवत होती. साहेबांनीही उरलेला बूट काढला. ओळ नीट लावणाऱ्या मुलीने तो उचलून उलटसुलट बघितला.

"सर, ह्याचा जोडीदार कुठाय?"

"तो... बाईंकडे आहे."

"आस्सं," मुलगी म्हणाली. "पाना नेलात व्हय!"

साहेब दुपारपर्यंत बसले. पाढे ऐकले, वाचन ऐकलं. जाताना त्यांनी शेरेबुकात चार ओळी लिहिल्या. बाईंनी त्या आम्हाला पाठ म्हणून दाखवल्या: 'शाळा दहाला पाच मिनिटे कमी असताना उघडली. अधोस्वाक्षरीकार यांस वाटेत उशीर होत असता शिक्षिकेने तो होऊ दिला नाही. मुलांची उपस्थिती तेरापैकी तेरा. शाळा आहे तेथेच चालू ठेवावी, अशी शिफारस करीत आहे.'

गाडी उतरवताना प्लायर गाडीलाच होती, म्हणून बूट बाईंकडेच राहिला. तो त्यांनी गिरणीत आणून टांगला. पॉलिश केलेला, नाडी बांधलेला, चपलांच्या मधोमध. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "सरकारी हाय!"

रविवारी सकाळी साहेब स्वतः आले. गाडीला नवा गिअर दांडा. पायांत चपला, एका हातात पिशवीत डावा बूट, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली ग्रिप प्लायर. मामांनी ती उलटीपालटी करून तपासली.

"पुसलीय. तेल पन लावलंय. मानूस चांगला हाय!"

आता ती टांगायची कुठे? भिंतीवर तिची सावली नव्हती. सावलीच्या जागी माझी लाल अक्षरं होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बबन मिस्त्री तर हाताची घडी घालून बघत होता.

मी काळ्या रंगाचा डबा आणला, ओल्या फडक्याने लाल अक्षरं पुसून पाहिली, निघाली नाहीत, म्हणून त्यांच्यावरच प्लायर धरून भोवतीने ब्रश फिरवला.

"जरा रुंद काढ," बबन म्हणाला. "आजून एक देतो."

साहेबांनी खिळ्यावरून आपला बूट काढून घेतला. पायरीवर बसून दोन्ही बूट घातले, नाड्या बांधल्या, उठले. निघतील असं वाटलं. पण ते भिंतीसमोर उभे राहिले, एकेक सावली वाचत. आठ, दहा, बारा, चौदा.

मग बाईंकडे वळून म्हणाले, "माझी चेन ढिली झालीय असं वाटतं. सतरा नंबर मोकळा आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

साहेब परत पायरीवर बसले आणि कुणी काही बोलायच्या आत डाव्या बुटाची नाडी सोडायला लागले.